केंबरं

डुइसबुर्गला, पोलादाच्या कारखान्यामागे
भाड्याने घेतलेल्या वाफ्यात
बाबांचं अंजीर शेडच्या छपरावर गेलंय.
पानं ताटाएवढी.
फळ नाही.

म्हणजे येतं. जून सरता सरता
फांदीफांदीला बटणं फुटतात,
अंगठ्याएवढी होतात, आणि ऑगस्टात
पिवळी पडून पत्र्यावर
टक्. टक्.
बाबा रविवारची रात्र शेडमध्येच काढतात, पडल्या पडल्या मोजतात,
सकाळी मला आकडा सांगतात,
पूर्वी पाळीवरून येऊन
किती भट्ट्या उतरल्या ते सांगायचे, तसा.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
वाफेवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस म्हणाला,
खत जास्त झालंय, झाड माजलंय.
खत बंद केलं. झाडाचा माज गेला नाही.
पलीकडचा ग्झेगोश म्हणाला, मुळं कोंडा.
बाबांनी चहूबाजूंनी फरशा पुरल्या
आणि आठ दिवस कंबर धरून चालले.
एका फेब्रुवारीत मीच
त्यांना न विचारता छाटलं, चांगलं हातभर,
तर त्या साली बटणंसुद्धा
बोटावर मोजण्याइतकी.
बाबा काही बोलले नाहीत.
त्यांचं न बोलणं शेणखतासारखं आहे,
सावकाश लागू पडतं.

आणि फ्राउ क्विटमानचं,
सुपरमार्केटातून आणलेलं, कुंडीतलं, गुडघ्याएवढं,
अंजिरांनी वाकलेलं.
कुंडीला चिठ्ठी: ब्राउन टर्की.
बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
मी अर्थ सांगितला, तपकिरी तुर्कस्तान.
"आमच्याकडचं नाही हे," म्हणाले,
"आमच्याकडचं इतक्या सहजी देत नाही."

शेवटी गेर्मेनजिकला फोन लावला.
चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्या शेतातून
ओल्या मोज्यात गुंडाळून काडी आणली होती
त्या फदीमे आत्या.
झाड कसंय, पानं कशी, सगळं ऐकून घेतलं त्यांनी,
मग एवढंच विचारलं:
"इलेक बांधलंस का रे?"

बाबा कितीतरी वेळ
फोन कानाला लावून उभे.

इलेक म्हणजे नर अंजीर. कोरडं, खायला नालायक.
जूनच्या पहाटे लव्हाळ्यात ओवून
त्याच्या माळा मादीझाडांवर टांगायच्या,
पोरांचं काम ते. बाबाच चढायचे.
चौदा वर्षं खत, फरशा, कात्री,
आणि हे विसरले होते.

त्याच्यातून केंबरं निघतात, तिळाहून बारीक,
अंगभर पराग माखून.
अंजिराच्या बुडाशी भोक असतं, दार म्हणावं तर फारच अरुंद,
त्यातून शिरताना केंबराचे पंख तुटतात.
आत अंडी घालायला जागा सापडत नाही.
परतीची वाटही.
ते तिथेच संपतं, अंजीर गोड होतं.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात.
आमच्यात तीच राहिली होती काढायची.

आत्याने पुढच्या जूनमध्ये पार्सल धाडलं.
अकरा दिवसांनी पोचलं.
डब्यात सुरकुतलेले पाच इलेक
आणि तळाशी मिरपुडीसारखं काही.
बाबांनी बोट ओलं करून थोडं उचललं,
उजेडात धरलं.
"पंख आहेत," म्हणाले. "शाबूत आहेत."

तरीही ओवले. लव्हाळं नव्हतं,
बुटाच्या नाडीत ओवले.
शिडी मी धरली.
आत्याला फोटो पाठवायचा होता.

आता ऑगस्ट आहे. रात्रभर पत्र्यावर
टक्. टक्.
आज बाबांनी आकडा सांगितला नाही,
मी विचारलाही नाही.
कुंपणावर फ्राउ क्विटमानची बशी होती, नॅपकिनने झाकलेली.
त्यांनी त्यातलं एक उचललं,
दोन्ही अंगठ्यांनी फोडलं,
उन्हाकडे करून
आत कोणी आहे का ते पाहिलं,
मग खाल्लं.